माती, सूत आणि कलाशाळा

इ. स. १८५७ या वर्षी मुंबईत घडलेल्या तीन गोष्टींचा एकमेकींशी असलेला संबंध सहसा ध्यानात घेतला जात नाही. मार्च महिन्यात सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून निघालेली कलाशाळा एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या जागेत सुरू झाली. जुलै महिन्यात मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली. आणि त्याच साली मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची वाढविलेली दुसरी आवृत्ती मुंबईतच छापून निघाली. एका संस्थेने हाताला शिकवावयाचे, दुसरीने बुद्धीला, आणि या दोहोंना लागणारे शब्द कोशाने नोंदवून ठेवावयाचे, अशी जणू वाटणीच झाली होती. ही वाटणी जवळजवळ सव्वाशे वर्षे टिकली. कलाशाळेतील पदवी-अभ्यासक्रम मुंबई विद्यापीठाशी संलग्न झाला तो १९८१ साली. आणि त्या आवारातील संस्थांना एकत्रितपणे अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला तो २०२३ साली.

त्यामुळे जॉर्ज ट्विग मोल्सी या वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार १८७८ साली उभी राहिलेली, टोकदार कमानींची ती गॉथिक धर्तीची इमारत आज एकाच वेळी जुनी वास्तूही आहे आणि नवे विद्यापीठही. चित्र व शिल्प यांच्या जोडीला मृत्तिकाकला आणि वस्त्रकला हे विषय तेथे शिकविले जातात, आणि वार्षिक प्रदर्शनात चित्रांच्या बरोबरीने भाजलेल्या मातीच्या व रंगविलेल्या, विणलेल्या सुताच्या कृती मांडल्या जातात. अलीकडील कलासमीक्षेत अशा कृतींकडे 'नवी माध्यमे' म्हणून पाहण्याची रीत पडली आहे. चित्रफलकाला कंटाळलेला कलावंत मातीकडे व धाग्याकडे वळला, असे सांगितले जाते. जगातील अन्य नगरांविषयी हे कदाचित खरे असेल. मुंबईतील या वास्तूविषयी ते खरे नाही. माती आणि सूत या आवारात चित्रकलेच्या मागून आलेली नाहीत. ती प्रारंभीच्या काळापासून तेथे आहेत. मात्र प्रत्येक पिढीत ती निराळ्या नावाने दाखल झाली, आणि ज्या नावाने दाखल झाली त्या नावानेच त्यांचा दर्जाही ठरला. हा इतिहास म्हणूनच काही अंशी शब्दांचा इतिहास आहे.

ते शब्द प्रथम पाहणे इष्ट होय. 'कला' या संस्कृत शब्दाचा जुना अर्थ पुष्कळ विस्तृत होता. वात्स्यायनाने दिलेल्या चौसष्ट कलांच्या यादीत गीत, नृत्य व आलेख्य यांच्याबरोबर सुतारकाम आहे, आणि शिवण व विणकामही आहे. कुंभाराचे काम त्या यादीत नाही. शुक्रनीतीतील यादीत मात्र माती, लाकूड, दगड आणि धातू यांची भांडी घडविण्याचा उल्लेख येतो. 'शिल्प' या शब्दाचीही हीच कथा. संस्कृतात कोणतेही हस्तकौशल्य म्हणजे शिल्प. आधुनिक मराठीत तो शब्द आकसत आकसत दगड, धातू वा प्लास्टर यांच्या मूर्तिकामापुरता उरला. याच्या उलट बाजूस फारसी-अरबी शब्दांची एक रांग मराठीत शतकानुशतके नांदत होती. 'कारागीर' हा फारसीतून आलेला शब्द. 'हुन्नर' हाही फारसीच. 'कसब' या शब्दाच्या मुळाशी अरबीतील 'मिळवणे, कमावणे' हा अर्थ आहे. म्हणजे ज्यावर पोट भरते ते कसब. गावगाड्यातील 'कारू-नारू' या जोडशब्दातील 'कारू' तेवढा संस्कृत 'कारु'शी नाते सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजी शिक्षणाच्या संपर्काने जी नवी मराठी घडली तिने या दोन रांगांत उच्च-नीच भाव निर्माण केला. कला ही सुशिक्षितांची झाली आणि कसब हे जातीचे राहिले. भाषेत झालेला हा फेर कलाशाळेच्या आवारातील इमारतींच्या मांडणीतही दिसतो, तो कसा ते पुढे येईल.

माती आणि सूत यांची सामाजिक स्थितीही एकसारखी नव्हती, ही गोष्ट बहुधा विसरली जाते. कुंभार हा बारा बलुतेदारांपैकी एक. गावाला मडकी, घागरी, रांजण, पणत्या पुरवावयाच्या आणि सुगीच्या वेळी धान्याच्या रूपाने बलुते घ्यावयाचे, असा त्याचा व्यवहार. त्याच्या वस्तूला बाजारभाव असा जवळजवळ नव्हताच. कोष्टी आणि साळी यांची गणना बारा बलुत्यांत होत नाही. ते पेठेसाठी विणीत, व्यापाऱ्याकडून सूत वा उचल घेत, आणि पैठण, येवले, नागपूर यांसारख्या ठिकाणी त्यांची स्वतंत्र वस्ती असे. म्हणून सुताला किंमत ठाऊक होती. मातीला ती नव्हती. विणकराचे काम राजदरबारी पोहोचले, कुंभाराचे देवघरात आणि स्वयंपाकघरात राहिले, आणि लग्नातील व अंत्यविधीतील मडके तर फुटण्यासाठीच घडविले गेले. संग्रहालयाच्या कपाटात पैठणी सहज जाऊन बसते. आव्यात भाजलेल्या साध्या घागरीस तेथे जाण्यास फार वेळ लागला.

जमशेटजींनी १८५३ साली एक लाख रुपये देऊ केले, त्या वेळी त्यांच्या डोळ्यांपुढे चित्रकारांची पिढी नव्हती. लंडनच्या १८५१ सालच्या महाप्रदर्शनात हिंदुस्थानी हातकामाची वाखाणणी झाली होती, आणि त्याच काळात यंत्राचा माल त्या हातकामाच्या मुळावर आला होता. मुंबईतील पहिल्या कापड गिरणीची कंपनी कावसजी दावर यांनी १८५४ साली उभारली आणि १८५६ साली तिचे उत्पादन सुरू झाले; म्हणजे गिरणी आणि कलाशाळा या दोघी जवळजवळ समवयस्क. धंद्यांना चांगले आकार आणि चांगले रेखाटन मिळावे हा देणगीमागचा हेतू होता. तथापि शिकविण्यास प्रारंभ झाला तो रेखाटनाने, आणि रेखाटनाची पद्धत होती लंडनच्या साउथ केन्सिंग्टनची. प्लास्टरच्या ठशांवरून रेघा काढण्याची ती शिस्त इतकी खोल रुजली की महाराष्ट्रातील शाळकरी मुले आजही 'एलिमेंटरी' आणि 'इंटरमीजिएट' या परीक्षांना बसतात. धंदे सुधारण्यासाठी निघालेली शाळा अशा रीतीने प्रथम पेन्सिलीची शाळा झाली.

१८६५ साली जॉन लॉकवुड किपलिंग मुंबईस आले. रडयार्ड किपलिंगचे वडील म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. परंतु या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की त्यांचे प्रारंभीचे शिक्षण स्टॅफर्डशायर परगण्यातील बर्स्लेम या कुंभारकामाच्या गावी, मातीची भांडी करणाऱ्या कारखान्यात झाले होते. मातीशी इतका जवळचा परिचय असलेला मनुष्य मुंबईत नेमला गेला तो वास्तुशिल्पाच्या शिक्षणासाठी. जॉन ग्रिफिथ्स यांच्याकडे आलंकारिक चित्रकला आणि हिगिन्स यांच्याकडे धातुकाम अशी बाकीची वाटणी होती. क्रॉफर्ड मार्केटच्या प्रवेशद्वारावरील उठावचित्रे ही किपलिंग यांच्या त्या वेळच्या कामाची साक्ष आहे.

याच किपलिंग यांनी १८७० साली सरकारच्या सांगण्यावरून उत्तर हिंदुस्थानातील कारागिरांची रेखाचित्रे काढली. कामावर बसलेली, हत्यारे हातात घेतलेली ही माणसे त्यांनी अत्यंत आदराने आणि बारकाईने रेखाटली आहेत. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात ती चित्रे जतन केलेली आहेत. बसण्याची ढब, बोटांची पकड, अवजाराची ठेवण यांविषयी त्या चित्रांतून जेवढे कळते तेवढे तत्कालीन अहवालांच्या अनेक पृष्ठांतून कळत नाही. कारागीर हा कलाशाळेच्या दृष्टीने रेखाटण्याचा विषय झाला होता. तो शिक्षक होऊ शकतो ही कल्पना त्यानंतर काही थोड्या वर्षांतच पुढे आली, आणि ती आणली जॉर्ज विल्किन्स टेरी यांनी.

टेरी हे कलाशाळेचे प्रारंभीच्या काळातील शिक्षक व पुढे अधीक्षक. मातीच्या भांड्यांची त्यांना विलक्षण आवड. १८७० नंतरच्या काही वर्षांत त्यांनी शाळेत कुंभारकामाचा विभाग उभारला आणि त्यासाठी सिंधमधून कुंभार आणविले. सिंध प्रांत त्या काळी मुंबई इलाख्यातच मोडत असे; तो १९३६ साली वेगळा झाला. मुंबईतल्या मुंबईत, कलाशाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर, कुंभारवाडा नावाची वस्ती असताना शेकडो मैलांवरून कुंभार आणण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न येथे सहजच उपस्थित होतो.

त्याचे उत्तर तंत्रात आहे. महाराष्ट्रातील कुंभार चाकावर भांडे ओढतो, ते थोडे वाळले की आतून गुंडा लावून बाहेरून थापीने थापटतो, आणि गोवऱ्या, गवत, लाकूड यांच्या आव्यात भाजतो. हे भाजणे कमी उष्णतेचे, आणि भांडे सच्छिद्र. सच्छिद्र असते म्हणूनच त्यात पाणी गार होते. तो त्याचा दोष नव्हे, गुण आहे. परंतु त्यावर काचेसारखा चकाकणारा लेप, म्हणजे ज्याला आज सर्वत्र ग्लेझ म्हणतात तो, चढविण्याची परंपरा येथे नव्हती. सिंध आणि मुलतान येथे ती होती. मशिदी व दर्गे यांच्या भिंतींवरील निळ्या-पांढऱ्या फरशा घडविणारे काशीगर पिढ्यान्‌पिढ्या हे काम करीत आले होते. टेरी यांस चकाकणारे, रंगविता येईल असे आणि युरोपातील दिवाणखान्यात शोभेल असे भांडे हवे होते. ते सिंधच्या कुंभाराकडूनच मिळण्यासारखे होते. पाण्याची घागर करणारा कुंभार त्यांच्या योजनेत बसत नव्हता. 'कला' आणि 'कसब' यांतील भेद या ठिकाणी अगदी उघडपणे लेपाच्या एका पातळ थरावर येऊन ठेपला.

या विभागातून जी भांडी निघाली ती 'बॉम्बे स्कूल ऑफ आर्ट'ची भांडी म्हणून प्रसिद्ध आहेत. त्यांच्या नक्षीत एक दुसरा प्रवाह येऊन मिळाला. १८७२ च्या सुमारास ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्याचे काम हाती घेतले. ते मधूनमधून खंड पडत १८८५ पर्यंत चालले. पेस्तनजी बोमनजी यांसारखे विद्यार्थी त्या कामातच तयार झाले. अजिंठ्यातील कमळे, हंस, छतांवरील चौकटींतील फळाफुलांची गुंफण, क्वचित मानवी आकृतीही, या नकलांतून शाळेत आल्या आणि तेथून सुरईच्या पोटावर उतरल्या. सिंधचा आकार, सिंधचा लेप, वाकाटक काळातील नक्षी, मुंबईचे विद्यार्थी आणि इंग्रज गिऱ्हाईक असा हा मेळ होता. त्यास संकर म्हणून नाक मुरडणे सोपे आहे. परंतु नकलांचे मूळ फलक लंडनला पाठविल्यावर १८८५ साली तेथील आगीत त्यांपैकी पुष्कळ जळाले, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे या भांड्यांकडे थोडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते. आगीत गेलेली भित्तिचित्रांची नक्षी काही अंशी आगीतून निघालेल्या भांड्यांवर टिकली.

जॉर्ज बर्डवुड यांनी १८८० साली प्रसिद्ध केलेल्या हिंदुस्थानच्या औद्योगिक कलांवरील ग्रंथात गावच्या कारागिराची थोरवी गायिली, आणि कलाशाळांच्या हाताखाली ती परंपरा बिघडेल ही भीती त्यांना होती. त्यांची भीती निराधार नव्हती. परंतु त्यांनी रंगविलेला, काळाच्या बाहेर बसलेला, संतुष्ट ग्रामकारागीरही खरा नव्हता. कारागीर कर्जात होता, गावातून शहरात येत होता, आणि सिंधहून मुंबईस येऊन इंग्रज अधीक्षकाच्या हाताखाली अजिंठ्याचे कमळ ज्यावर उमटेल असे भांडे घडविण्यास तयार होता. परंपरेची शुद्धता ही त्याच्यापेक्षा त्याच्याकडे पाहणाऱ्यांची चिंता होती.

मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात या भांड्यांचा संग्रह पाहावयास मिळतो. भांडी ओळखली जातात ती शाळेच्या नावाने. चाकावर बसून ज्याने आकार दिला त्याचे नाव त्यांच्याबरोबर आलेले नाही. चाक चालविणारा एक आणि रंगविणारा दुसरा, अशी कामाची वाटणी असताना शाळेच्या दृष्टीने 'विद्यार्थी' हा रंगविणारा होता. येथे एक मर्मभेद झाला. मातीचे ज्ञान, म्हणजे ती कोठली घ्यावी, किती भिजवावी, किती तुडवावी, केव्हा भाजावी, हे ज्याच्याकडे होते तो नोकर राहिला; आणि त्याच्या भांड्याच्या पृष्ठभागावर काम करणारा कलावंत झाला.

१८७८ साली कलाशाळा नव्या इमारतीत आली. चित्र व रेखाटन यांचे वर्ग मुख्य वास्तूत भरले. उंच छत आणि मोठ्या खिडक्यांतून येणारा उजेड ही चित्रकाराची गरज. त्या गरजेनुसार ती इमारत बांधली गेली. भट्टीला उजेड लागत नाही. तिला धुराडे लागते, लाकूड रचण्यास जागा लागते, चिखल धुण्यास पाणी लागते. मागाला जमीन स्थिर लागते आणि त्याचा आवाज सहन करावा लागतो. म्हणून हातकामाच्या शाखा पुढे स्वतंत्र बांधकामांत गेल्या. ही सोय होती, यात शंका नाही. पण सोयीने केलेली मांडणी कालांतराने दर्जाची मांडणी होते. मुख्य जिना चढून जावयाचे ते चित्रकलेकडे. मागील बाजूस वळावयाचे ते हातकामाकडे.

१८९१ साली सुरू झालेल्या लॉर्ड रे आर्ट वर्कशॉप्समुळे ही मांडणी पक्की झाली. गालिचे विणणे, लाकडावरील कोरीवकाम, चांदी व तांबे यांचे काम, मिनाकारी अशा शाखा तेथे होत्या. पिढीजात कारागिरांच्या मुलांनी तेथे उस्तादाच्या हाताखाली उमेदवारी करावी अशी अपेक्षा होती. कल्पना चांगली होती. सूत प्रथमच या आवारात मागावर चढले, आणि शिकविणारा स्वतः विणकर होता. परंतु 'वर्ग' आणि 'वर्कशॉप' हे दोन शब्द एकाच आवारात दोन जगे दाखवू लागले. वर्गातला मुलगा पुढे चित्रकार वा ड्रॉइंग मास्तर होई. वर्कशॉपमधला मुलगा कारागीर म्हणून आत येई आणि कारागीर म्हणूनच बाहेर पडे. मराठीत 'वर्कशॉप'ला कारखाना म्हणत. तोच शब्द गिरणीलाही लावीत.

सेसिल बर्न्स यांच्या प्रमुखपदाच्या काळात, १९१० च्या सुमारास, गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या नावाने हातकामाच्या प्रगत अभ्यासासाठी स्टुडिओ व प्रयोगशाळा उभारण्यात आल्या आणि त्यांत पहिला मान मिळाला तो मातीला. 'प्रयोगशाळा' हा शब्द येथे लक्षणीय आहे. टेरी यांच्या काळी माती शोभेची वस्तू म्हणून आली होती; आता ती रसायनशास्त्र म्हणून आली. कोणती माती किती उष्णता सोसते, लेपात क्षार किती असावेत, कोणत्या धातूच्या भस्माने कोणता रंग येतो, हे मोजून पाहण्याचे दिवस आले. पुढे 'कुंभारकाम' हा शब्द मागे पडून 'सिरॅमिक' हा शब्द रूढ झाला तो याच वाटेने. मराठीत त्याला 'मृत्कला', 'मृत्तिकाशिल्प' असे संस्कृत पर्याय वापरले जातात. या सर्व शब्दांचा एक समान गुण असा की त्यांत कुंभार नाही.

त्यानंतरच्या काळात कलाशाळेचा लौकिक चित्रकलेने व्यापला. ग्लॅडस्टन सॉलोमन यांचे भित्तिचित्रांचे वर्ग, पुनरुज्जीवनाचा वाद, मग चार्ल्स जेरार्ड यांच्या वेळची आधुनिक चित्रकलेची ओळख, या गोष्टी पुष्कळ लिहिल्या गेल्या आहेत आणि येथे त्यांचा विस्तार नको. १९३५ साली व्यावसायिक कलेचा विभाग निघाला. १९५८ साली वास्तुकला व उपयोजित कला यांच्या स्वतंत्र संस्था झाल्या. विभागणीच्या या ओघात सिरॅमिक आणि टेक्स्टाइल हे विषय चित्र-शिल्पाच्या संस्थेतच, पण 'क्राफ्ट' या सदराखाली राहिले. त्यांस उपयोजित कलेची नोकरीची हमी नव्हती आणि चित्रकलेची प्रतिष्ठाही नव्हती.

सुताच्या बाबतीत मात्र या सुमारास एक वेगळेच वळण आले, आणि ते शाळेच्या बाहेरून आले. पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने १९५६ साली मुंबईत विणकर सेवा केंद्र सुरू झाले. हातमागाला नवे नमुने मिळावेत म्हणून चित्रकारांना नोकरीवर घ्यावयाचे आणि त्यांनी रंगारी, छपाईकार, विणकर यांच्या शेजारी बसून काम करावयाचे, अशी ही योजना. के. जी. सुब्रमण्यन १९५९ ते १९६१ या काळात हातमाग मंडळाचे अभिकल्प-उपसंचालक होते. जे. जे.तून शिकून निघालेल्या अंबादास व प्रभाकर बरवे यांनी या केंद्रांतून काम केले. बरवे यांची नेमणूक प्रथम बनारसला झाली, मग ते मुंबईस आले आणि १९८२ पर्यंत त्या नोकरीत राहिले.

बरवे यांच्याविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. बनारसमध्ये त्यांस तंत्रमार्गी प्रतिमांचा परिचय झाला, पुढे वस्तू आणि अवकाश यांच्या संबंधाचे त्यांनी चिंतन केले आणि 'कोरा कॅनव्हास' हे पुस्तक लिहिले, हे सर्व सांगितले जाते. या वीसेक वर्षांत त्यांच्या हाताखालून जे कापड गेले त्याचा उल्लेख मात्र 'उदरनिर्वाहासाठी नोकरी' अशा एका वाक्यात आटोपतो. हा अन्याय चित्रकारावर नाही, कापडावर आहे. सपाट पृष्ठावर सुट्या वस्तू अंतराअंतराने मांडणे, त्यांच्यातील रिकाम्या जागेला वस्तूइतकेच वजन देणे, ही बरवे यांच्या चित्रांची ओळख. आणि छापील वा विणलेल्या कापडावर बुट्ट्यांची मांडणी करणाऱ्याला हाच प्रश्न रोज सोडवावा लागतो. बुट्टी आणि बुट्टी यांमधील जमीन ही विणकराच्या दृष्टीने रिकामी नसतेच. तीही विणावीच लागते. चित्रकाराने हे विणकराकडून घेतले असे सिद्ध करणे कठीण आहे. परंतु तसा प्रश्नच विचारला जात नाही, हे 'कला' या शब्दाच्या आकसलेल्या अर्थाचे फळ होय.

याच काळात बडोद्यास काय घडत होते ते पाहणे उपयुक्त ठरेल. सयाजीराव गायकवाडांनी १८९० साली तेथे कलाभवन काढले होते, आणि त्याच्या नावात 'कला' असली तरी शिक्षण रंगकाम, विणकाम, सुतारकाम, यंत्रकाम यांचे होते. जुन्या विस्तृत अर्थाचा तो बहुधा अखेरचा सार्वजनिक वापर. दादासाहेब फाळके तेथलेच विद्यार्थी. १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले आणि १९५० साली त्यात ललितकला विद्याशाखा निघाली. विद्यापीठाच्या पोटातच ती जन्मल्यामुळे मुंबईतील 'वर्ग' आणि 'वर्कशॉप' यांच्या भिंतीचे ओझे तिच्यावर नव्हते. सुब्रमण्यन यांनी तेथे माती, लाकडी खेळणी, विणकाम, भित्तिचित्र यांत विद्यार्थ्यांना सारख्याच गांभीर्याने गुंतविले. ज्योत्स्ना भट्ट या एक वर्ष जे. जे.त काढून बडोद्याला गेल्या, शंखो चौधरी यांच्याकडे शिल्प शिकल्या, नंतर अमेरिकेत ब्रुकलिनला मातीचे काम शिकल्या आणि १९७२ पासून २००२ पर्यंत बडोद्यातच त्यांनी मातीचे अध्यापन केले.

मुंबईत १९४९ साली जन्मलेल्या मृणालिनी मुखर्जी यांचे उदाहरण याहून बोलके आहे. बडोद्यास सुब्रमण्यन यांच्या हाताखाली भित्तिचित्र-अभिकल्प शिकून त्यांनी अंबाडीसारख्या वाखाचा जाड दोर घेतला. माग नाही, धोटा नाही, ताणाबाणा नाही; केवळ गाठीवर गाठ मारीत त्यांनी पुरुषभर उंचीच्या, वनस्पती आणि देवता यांच्या सीमेवरील आकृती उभ्या केल्या. १९९६ साली नेदरलँड्समध्ये त्यांनी मातीत काम केले आणि पुढे ओतीव धातूतही. फेब्रुवारी २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले, त्याच्या काही दिवस आधी दिल्लीत त्यांच्या कामाचे सिंहावलोकन सुरू झाले होते. न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयरमध्ये २०१९ साली मोठे प्रदर्शन भरले. सुतातून मातीत जाताना त्यांना विभाग बदलावा लागला नाही. दोरीचा पीळ आणि ओल्या मातीची वळकटी यांत हाताची जी एकच जाण आहे, ती त्यांच्या कामात स्पष्ट दिसते. कलाशाळेच्या नोंदपुस्तकात मात्र या दोन गोष्टी दोन खोल्यांत राहत आल्या आहेत.

कुंभाराच्या घरातून थेट कलावंत म्हणून मान्यता मिळविल्याचे उदाहरण नाही असे नाही. बिहारमधील कुंभार कुटुंबात जन्मलेल्या ब्रह्मदेव राम पंडित यांनी मुंबईजवळ भाईंदर येथे भट्टी उभारली, उच्च उष्णतेच्या स्टोनवेअर भांड्यांचे काम केले आणि २०१३ साली त्यांस पद्मश्री मिळाली. परंतु एकट्याच्या पराक्रमावरून रीत ठरत नाही. कलाशाळेशेजारचा कुंभारवाडा आता रस्त्यांच्या नावांत तेवढा उरला आहे. चाके धारावीच्या कुंभारवाड्यात फिरतात, आणि ती फिरविणारी कुटुंबे बहुतांशी सौराष्ट्रातून आलेली आहेत. तेथे आजही चिंध्या व कापूस यांच्या जळणावर भट्ट्या लावल्या जातात. शहरातील सुताचे उरलेसुरले तुकडे शहरातील मातीला भाजतात, हा योगायोग एखाद्या समकालीन कलाकृतीत मांडला असता तर त्याचे कौतुक झाले असते.

२०२३ च्या दर्जाबदलाने या जुन्या प्रश्नाला नवी धार आली आहे. अभिमत विद्यापीठाला आपला अभ्यासक्रम स्वतः आखता येतो. तसेच आता अध्यापकाच्या पात्रतेचे, संशोधनाचे आणि श्रेयांकांचे नियमही त्यास लागू होतात. एक भट्टी भरून, भाजून, निववून उघडण्यास काही दिवस लागतात, आणि ती बिघडली तर महिन्याचे काम जाते. ताणा लावण्यातच मागावरील पुष्कळसा वेळ जातो. तासांत मोजल्या जाणाऱ्या श्रेयांकांत हा काळ कसा बसवावयाचा, भट्टीत तडा गेलेल्या भांड्याला गुण द्यावयाचे किंवा नाही, आणि मातीवरील प्रबंध मातीत असावा की कागदावर, हे प्रश्न वरवर कारकुनी वाटतात. परंतु १८५७ साली झालेली हात आणि बुद्धी यांची वाटणी मोडते की टिकते हे अशाच कारकुनी प्रश्नांच्या उत्तरांवर अवलंबून आहे.

याहून अवघड प्रश्न शिकविणाराचा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ साली औपचारिक पदवी नसलेल्या पण क्षेत्रात नाव मिळविलेल्या व्यक्तींस 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' म्हणून, मंजूर पदांच्या दहा टक्क्यांपर्यंत, नेमण्याची मुभा दिली. आणि पुढे कलावंत व कारागीर यांना निवासी म्हणून शिक्षणसंस्थांत बोलाविण्याची मार्गदर्शक तत्त्वेही काढली. टेरी यांनी सिंधचे कुंभार आणले तेव्हा त्यांस कोणत्या पदावर घ्यावयाचे हा प्रश्न कोणासही पडला नव्हता, कारण विद्यार्थ्याने त्यांच्याकडून काय शिकावयाचे हेच ठरलेले नव्हते. आता पद आहे, त्याला इंग्रजी नावही आहे. येवल्याचा विणकर वा धारावीचा कुंभार त्या पदावर येईल तेव्हा नियुक्तिपत्राच्या मराठी प्रतीत त्याचा निर्देश कोणत्या शब्दाने करावयाचा, हे ठरविण्याचे काम मात्र आयोगाने कलाशाळेवरच सोपविले आहे.